किथेकाच्या खुणेचा बाण

म्हातारा ‘हो’ म्हणाला, आणि तिथंच सगळ्यांच्या मनात पाल चुकचुकली.

सदतीस वर्षं मुल्वानं त्या हत्तीबद्दल तोंड उघडलं नव्हतं. कुळाच्या पंचांनी तीनदा बोलावलं, तीनदा त्याच्यापुढे शपथेची भारलेली वस्तू, किथितू, मांडायची तयारी केली, आणि तिन्ही वेळा गडी पाठ फिरवून घरी आला. किथितूवर काडी मारून खोटं बोललेला माणूस सात महिन्यांत जातो, आणि एकटा जात नाही, घरातली दोन-चार माणसं बरोबर घेऊन जातो, हे आमच्या टेकडीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून जो शपथ टाळतो त्याच्या पोटात काय आहे ते कुणी वेगळं सांगावं लागत नाही. सख्ख्या भावाला, किथेकाला, पकडून दिलं ते ह्यानंच, असं किथेकाच्या घरानं धरलं होतं, आणि बाकीच्यांनी ते खोडलं नव्हतं.

आणि आता नातीनं नैरोबीहून टेपरेकॉर्डर आणला, विचारलं, “आजोबा, त्या सफारीच्या आठवणी सांगाल का?” तर हा म्हणतो, “सांगतो की. शनिवारी बसू. वहिनीला आणि तिच्या मुथियानीलाही बोलाव.”

“का कबूल झाले असतील?” नातीनं, काविन्यानं, तिच्या वडिलांना, न्दाम्बुकीला, विचारलं. आंब्याखाली ती चटई पसरत होती.

न्दाम्बुकी तेवीस वर्षं मुख्याध्यापक होता. निवृत्त झाला तरी समोर दिसेल त्याला ओळीत उभं करायची सवय गेली नव्हती. तो यंत्राभोवती एक फेरी मारून आला.

“म्हातारपण. दुसरं काय.”

“मग मोठ्या आजीला कशाला बोलावलंय?”

“तेच मला कळत नाही,” तो म्हणाला. “हे बघ, त्या बाईंचं, हॉलिससाहेबाच्या मुलीचं, पत्र आलंय, त्यांना वडिलांच्या शिकारीचं पुस्तक करायचंय. त्यात आपल्या बाबांचं नाव येणार, फोटो येणार. बंदूक वाहणारा, माग काढणारा, ब्वाना हॉलिसचा उजवा हात. जन्मभर ह्या टेकडीवर त्यांच्या नावानं लोक थुंकले. एकदा तरी कुठं चांगलं छापून येऊ दे. तू फक्त शिकारीचं विचार. हत्ती कसा दिसला, कसा आला, कसा पडला. पडला की यंत्र बंद कर.”

“आणि ते पुढे बोलले तर?”

“तर बॅटरी संपली म्हण.”

काविन्या हसली, पण वडील हसले नाहीत. घरामागून मुल्वाचा खोकला ऐकू येत होता. तो आपलं तीन पायांचं, तारेची नक्षी ठोकलेलं स्टूल स्वतः उचलून आणत होता. नातीनं हात पुढे केला तर त्यानं तो झटकला.

चुलीवरून उतरवलेलं मुथोकोईचं मोठं भांडं झाकून सावलीत ठेवलं होतं. सोललेला मका आणि घेवडा, पहाटेपासून शिजत होता. दहा माणसांना पुरेल एवढा केला होता आणि त्यातला घासही पाहुणे खाणार नाहीत हे करणारीला माहीत होतं. पण भांडं न ठेवणं म्हणजे भांडण उकरणं, म्हणून ते ठेवायचं.

*

मुथियानी आईला घेऊन आला तो उन्हाच्या भरात. बाजारात त्याची पिठाची चक्की आहे, आणि चक्कीवाल्याची नजर त्याला कायमची चिकटली आहे. समोरचा माणूस काय बोलतो यापेक्षा पोत्यात काय लपवून आणलंय इकडे त्याचं लक्ष. अंगणात शिरताना त्यानं आधी यंत्र पाहिलं, मग यंत्राची वायर कुठं जाते ते पाहिलं.

“वायर नाही काका, बॅटरीवर चालतं,” काविन्या म्हणाली.

“आणि आत जे जाईल ते कुठं जाणार?”

“इंग्लंडला. हॉलिसच्या मुलीकडे.”

“म्हणजे आमच्या बापाचं मरण आधी गोऱ्यांनी केलं, आता गोरेच ऐकणार. बरं आहे.” तो चटईच्या अगदी कडेला बसला. बूट काढले नाहीत.

त्याची आई स्योम्बुआ म्हातारी आपला भोपळा घेऊन आली होती. भोपळ्यात घरची पेज. दिराच्या घरी ती सदतीस वर्षांत लग्नाला, मर्तिकाला, सगळ्याला आली, पण भोपळा बरोबर. आमच्यात यजमान आधी एक घोट घेऊन दाखवतो आणि मगच पाहुण्याला देतो, विष नाही हे कळावं म्हणून. मुल्वा दरवेळी घोट घ्यायचा, प्याला पुढे करायचा, आणि दरवेळी ती म्हणायची, “तहान नाही.” आजही त्यानं मधाच्या दारूचा घोट घेतला, प्याला पुढे केला.

“तहान नाही,” ती म्हणाली, मांडीवर घायपाताचे धागे घेऊन पिळायला लागली. पिशव्या विणणं हा तिचा धंदा आणि न बोलायची सोयही तीच.

“वहिनी, उन्हातून आलीस,” मुल्वा म्हणाला.

“ऊन माझ्या ओळखीचं आहे.”

मुथियानीला हे सगळं पाठ होतं. आज पाठ नव्हता तो म्हाताऱ्याचा चेहरा. कानशिलं आत गेलेली, जुन्या रिवाजानं कानशीनं टोकदार केलेले पुढचे दात दिसत होते, म्हणजे म्हातारा जवळजवळ हसत होता. अपराधी माणूस आपण होऊन पंचायत बोलावतो का? बोलावतो, जर त्यानं आधीच काही रचून ठेवलं असेल तर. मुथियानीनं रस्त्यात आईला विचारलं होतं, “तुला काय वाटतं, आज का बोलणार आहे तो?” आई नुसती “चल” म्हणाली होती. तेही त्याला खटकलं होतं. एरवी मुल्वाचं नाव निघालं की आईला शब्द पुरत नसत.

“करा सुरू,” तो म्हणाला. “पण हत्ती पडला की बंद करायचं नाही. मला ठाऊक आहे तुम्हा मास्तरांच्या युक्त्या.”

न्दाम्बुकीनं मुलीकडे पाहिलं. काविन्यानं कळ दाबली.

*

“डेन्टन म्हणून अमेरिकन होता,” मुल्वानं सुरुवात केली. आवाज खणखणीत. “त्याला हत्ती हवा होता, पण असातसा नको. दोन्ही सुळे शंभर पौंडांच्या वरचे हवेत. ब्वाना हॉलिस म्हणाला, मुल्वा, आहे का असा? मी म्हटलं, टीवा नदीकडे एक आहे, पण तो दर्शन देत नाही. निघालो. पुढं मी, माझ्या मागं ब्वाना, त्याच्या मागं डेन्टन, आणि डेन्टनच्या मागं त्याचा घाम.”

काविन्याला हसू आलं. स्योम्बुआचे हात चालत होते.

“ठसा केवढा होता आजोबा?”

“माझ्या छातीवर ठेवला असता तर दोन्हीकडून बाहेर आला असता. हत्तीच्या तळव्याला भेगा असतात. हा मुथियानी पोतं बघून गिऱ्हाईक ओळखतो ना, तसा मी भेगा बघून हत्ती ओळखायचो. तीन दिवस चाललो. रात्री डेन्टनच्या पायाचे फोड मी सुईनं फोडायचो आणि तो मला बायकोचे फोटो दाखवायचा.”

“एक बायको, फोटो किती?” मुथियानी म्हणाला. संशय कितीही असला तरी त्याला गंमत सोडवत नाही.

“फोटो नऊ. बायका मी मोजल्या नाहीत.”

क्षणभर सगळं अंगण सैल झालं. न्दाम्बुकीला वाटलं, असंच चाललं तर बरं. त्यानं खिशातून पत्र काढलं. “बाबा, पुस्तकासाठी त्यांनी असं लिहिलंय, की चाळीस पावलांवरून हत्ती कान पसरून अंगावर धावून आला, आणि डेन्टननं...”

“धावून आला?” मुल्वा मोठ्यानं हसला, मग खोकला. “अरे, त्याच्यात पापणी हलवायची ताकद नव्हती.”

“बाबा...”

“मास्तर, मध्ये बोलायचं नाही,” मुथियानी पुढे सरकला.

“तिसऱ्या दिवशी सकाळी ठसा बदलला. मागचा डावा पाय ओढत होता. जरा पुढे झाडाला अंग टेकलेलं, सालीला तांबडी माती, आणि मातीत रक्त. ब्वानाला ते दिसलं नाही, मी दाखवलं नाही. आपलं बाणाचं विष अंगात गेलेलं जनावर कसं चालतं ते मला आणि दादाला बापानं एकाच दिवशी शिकवलं होतं. थोड्या वेळानं तो दिसला. बाओबाबला टेकून उभा, डोळे अर्धे मिटलेले. ब्वाना म्हणाला, मार. डेन्टननं दोन बार काढले. हत्ती बसला. डेन्टन अमेरिकेतच राहिला असता तरी तो अर्ध्या घटकेनं बसलाच असता.”

 काविन्याला पहिल्यांदा जाणवलं की आजोबा तिच्याकडे बघून बोलत नाहीत. ते यंत्राकडेही बघत नव्हते. मोठ्या आजीच्या हातांकडे बघत होते.

“गोरे एकमेकांचे हात हलवत होते, फोटोची तयारी चालली होती. हत्तीचं शेपूट कापणं माझं काम, म्हणून मी मागं गेलो. पोटाच्या मऊ भागात बाणाचं पातं रुतलेलं होतं. उपटलं, गवतानं पुसलं. खूण बघितली. तीन आडव्या रेघा, एक तिरकी.”

घायपाताचा पीळ सुटला. स्योम्बुआनं तो पुन्हा घातला नाही.

आमच्यात प्रत्येक शिकाऱ्याची खूण वेगळी. बाप मेला तरी त्याची खूण मुलगा उचलत नाही. तीन आडव्या आणि एक तिरकी, ही खूण टेकडीवर एकाच माणसाची होती, किथेकाची, आणि तो माणूस तुरुंगात, किनाऱ्याकडे कुठंतरी, तिसऱ्या महिन्यात तापानं मेला. प्रेतही आलं नाही. खटल्यात सरकारनं फक्त एक वस्तू पुढे ठेवली होती: एक बाण.

*

“म्हणजे बाण तुझ्याकडे होता,” मुथियानी हळू म्हणाला. इतकी वर्षं ज्याच्यामागे तो धावला ते आपल्या पायांनी चालत येऊन समोर बसलं होतं आणि त्याला आनंद होत नव्हता. “तुझ्या हातात होता. जाळायचा होता! पुरायचा होता!”

“दुसऱ्याच्या खुणेचा बाण जाळायचा नसतो. जाळला तर त्याचा हात जळतो. बाण मालकाच्या घरी पोचवायचा, जनावर त्याचं. मी तो वळकटीत बांधून ठेवला. दादाला द्यायला.”

“दिलास?”

मुल्वानं प्याला उचलला, पाहिला, खाली ठेवला.

“नाही. ब्वानाला दिला. मीच दिला. झालं? यंत्रात गेलं ना पोरी? मी, मुल्वा, भावाचा बाण मी दिला. आता मुथियानीला उत्तर मिळालं. मी गेल्यावर ह्या दोन घरांनी एका आडावर पाणी भरावं.”

न्दाम्बुकी उभा राहिला. 

“सदतीस वर्षं,” तो म्हणाला. “शाळेत पोरं मला भाऊ खाणाऱ्याचा पोरगा म्हणायची. मी त्यांना झोडपायचो. तुमच्यासाठी मी ह्या मुथियानीशी बोलणं टाकलं, सख्खा चुलतभाऊ माझा! एकदा विचारलं होतं तुम्हाला, लग्नाच्या आदल्या दिवशी. बाबा, तुम्ही केलंत का? तुम्ही म्हणालात, जा, झोप.”

“म्हणालो खरं.”

“मग आता काय झोप पुरी झाली?” तो चटईचं हे टोक सोडून मुथियानीच्या शेजारी जाऊन बसला. दोघं चुलतभाऊ वीस वर्षांनी एका बाजूला बसले होते. मुल्वाच्या बाजूला आता एक यंत्र आणि एक नात उरली.

काविन्यालाही रडू येत होतं, पण तिच्या डोक्यात काहीतरी अडकलं होतं. “बाबा,” ती म्हणाली, “पत्रात डायरीचं पान होतं ना? हॉलिसच्या. तुम्हीच मला वाचून दाखवलंत.”

“त्याचं काय आता?”

“वाचा ना.”

न्दाम्बुकीनं चष्मा लावला, इंग्रजीतून आमच्या भाषेत करत तो कोरड्या आवाजात वाचत गेला. “‘मुल्वाचा भाऊ चोरट्या शिकारीत पकडला गेल्याचं आज समजलं. कुठल्या जनावराचं प्रकरण ते कुणी सांगू शकत नाही. मुल्वा चार दिवसांची रजा मागून पायी गेला. परत आल्यापासून बोलत नाही. स्वयंपाक्याला वाटतं त्याची वाचा गेली.’”

चक्कीवाल्याची नजर जागी झाली. मुथियानीनं पत्र हातात घेतलं, त्याला इंग्रजी येत नव्हतं तरी उलटसुलट करून पाहिलं.

“ब्वानाच्या हातात बाण दिलास, तर ब्वानाला कुठलं जनावर ते ठाऊक नाही?”

“गोरे विसरतात.”

“शंभर पौंडी सुळ्यांचा हत्ती विसरतात? त्याच हत्तीवर पुस्तक काढतायत!” तो गुडघ्यांवर बसला. “काका, कुठं दिलास? तंबूत? सकाळी? आणखी कोण होतं?”

“आठवत नाही.”

“डेन्टनच्या बायकोचे फोटो किती ते आठवतं.”

मुल्वानं स्टूल जरा मागे सरकवलं.

“ठीक आहे. मंगळवारी पंच बसतायत. किथितूवर काडी मार आणि एवढंच म्हण, बाण मी दिला. खरं आहे ना? मग खऱ्याला भीती कसली?”

“कबूल केलेल्याला शपथ घालत नाहीत.”

“मी घालतो.”

“नाही मारणार काडी,” मुल्वा म्हणाला. खणखणीत आवाज गेला होता.

“वा रे वा!” मुथियानी ओरडला. “नाकारायचं तर शपथ नको, कबूल करायचं तरी शपथ नको! तू आहेस तरी कोण? चोर की चोराचा राखणदार? कुणाला झाकतोयस? कोण जिवंत आहे झाकण्यासारखं?”

आणि हे विचारताना तो एकेकाकडे पाहत गेला. मास्तर तेव्हा शाळेत होता. काविन्या जन्मली नव्हती. कातडी सोलणारे, स्वयंपाकी, ब्वाना, सगळे मेले. त्याची नजर फिरत फिरत आईवर आली, आणि तिथून ती पुढे सरकेना.

तेवढ्यात यंत्र खट् करून थांबलं.

“बाजू संपली,” काविन्या म्हणाली.

*

स्योम्बुआला एकच गोष्ट कळली होती आणि ती कळल्यापासून तिला अंगणातलं दुसरं काही ऐकू येत नव्हतं. यंत्र कुणाला मारत नाही. यंत्रापुढे माणूस हवं ते खोटं बोलू शकतो आणि सात महिन्यांनी त्याची नात जिवंत असते. म्हणून हा यंत्राला हो म्हणाला. किथितूपुढे ह्याला खरं सांगावं लागलं असतं, म्हणून हा तीनदा पाठ फिरवून आला. सदतीस वर्षं तिला वाटत होतं की तिचं गुपित तिच्या एकटीचं आहे. ते ह्याला ठाऊक होतं. प्याला पुढे करताना ठाऊक होतं, ती “तहान नाही” म्हणायची तेव्हाही ठाऊक होतं.

आणि मुथियानी तिच्याकडे बघत होता. तिला एकच पोर. नवऱ्यामागे तिनं त्याला पिशव्या विणून वाढवलं, आणि त्याच्या मनात तिची जी मूर्ती होती ती तिनंच घडवली होती: फसवलेल्या माणसाची फसवलेली बायको. ती मूर्ती गेली तर तिच्याकडे काय राहणार? दिराकडे बोट दाखवत राहिलं की लोक बोटाच्या दिशेनं बघतात, बोट कुणाचं ते बघत नाहीत. गप्प राहिली तर आजही निभलं असतं. मुल्वा काही बोलणार नव्हता.

“पोरी,” ती म्हणाली, “दुसरी बाजू लाव.”

“वहिनी, नको,” मुल्वा म्हणाला.

“तू गप्प बस भावजी. पुष्कळ गप्प बसलास, अजून जरा बस.”

सदतीस वर्षांनी ‘भावजी’ ऐकून म्हाताऱ्यानं मान खाली घातली. काविन्यानं कॅसेट उलटली. कळ दाबली.

“मी स्योम्बुआ, किथेकाची बायको. हे यंत्र आहे, किथितू नाही, ते मला कळतं. पण माझा मुलगा समोर बसलाय, तीच माझी शपथ.” तिनं ओंजळीतले धागे बाजूला ठेवले. “एक माणूस दुपारी आला. नदीपलीकडचा, आपलीच भाषा बोलणारा. हातात पानात गुंडाळलेलं पातं. म्हणाला, एका मोठ्या हत्तीत सापडलं, ही खूण कुठल्या घरची? माझा ऊर भरून आला. आमच्या माणसानं एवढा हत्ती पाडला! म्हटलं, आमची. तीन आडव्या त्याच्या, आणि तिरकी आमच्या लग्नाच्या वर्षी त्यानं माझ्यासाठी घातली. तेही सांगितलं मी त्या परक्याला. बाण घेऊन आलेल्याला जेवू घातल्याशिवाय पाठवत नाहीत, म्हणून सावलीत बसवलं. दारूचा घोट आधी मी घेऊन दाखवला, मग त्याला दिला. ऊन उतरताना तो परत आला, सहा शिपाई घेऊन.”

स्योम्बुआ मुलाकडे बघत पुढे बोलली.

“लोक मुल्वाकडे बघायला लागले, बंदूकवाल्यांत होता म्हणून. मी बघू दिलं. मग मीही बघायला लागले. रोज बघता बघता मलाच ते खरं वाटायला लागलं. भोपळा घेऊन यायचे मी ह्या घरी, तुम्ही मला विष घालाल म्हणून. मी!”

“सफारीतल्या कातडी सोलणाऱ्यानं माझ्या वळकटीतून चोरला आणि शिपायांकडे पोचवला,” मुल्वा यंत्राला नव्हे, तिला म्हणाला. “मी त्याच रात्री दादाकडे पळायला हवं होतं. म्हटलं, सफारी संपली की देऊ. माझाही दोष आहे, वहिनी. तेवढं मी खोटं बोललो नाही.”

“तुला कुणी सांगितलं? माझं?”

“दादानं. ट्रकवर चढवत होते तेव्हा मी पोचलो. खटल्यात बायकोनं खूण ओळखली असं वाचून दाखवलं होतं, आपल्यातला तिथं तो एकटाच होता.”

 आपण काय केलं ते न कळताच नवरा मेला, ह्याच एका गोष्टीवर स्योम्बुआ जगली होती. “काय म्हणाला?” तिनं विचारलं.

“म्हणाला, दारी बाण आला, तिनं जेवू घातलं. माझी आई असती तरी तिनं हेच केलं असतं. तिला कुणी बोल लावला तर तू मध्ये उभा राहा.” मुल्वानं खांदे उडवले. “राहिलो.”

म्हातारी रडली. मोठ्यानं रडली, डोकं झाकून घेतलं नाही. न्दाम्बुकी उठला आणि कुठं बसावं ते न कळून दोन बाजूंच्या मधे उभा राहिला. वडिलांच्या पाया पडायची आमच्यात रीत नाही, नाहीतर तो पडला असता. “हे तिकडे पाठवायचं?” त्यानं उगाच काविन्याला विचारलं. तिनं कॅसेट काढली, आणि तिच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या चकत्या नखानं मोडून टाकल्या, म्हणजे त्यावर पुन्हा कुणाला दुसरं काही भरता येऊ नये.

मुथियानी एकटाच हलला नव्हता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

“काय वाढलं होतंस त्याला?” त्यानं आईला विचारलं.

“मुथोकोई.”

“पोटभर?”

“परत मागितलं त्यानं,” ती म्हणाली. “मी परत वाढलं.”

तो उठला. सगळ्यांना वाटलं, निघाला, आता हा दोन्ही घरांना मुकला. न्दाम्बुकीनं त्याचा हात धरायला हात पुढे केला. पण मुथियानी फाटकाकडे गेला नाही. त्यानं बूट काढले, सावलीतल्या भांड्यावरचं झाकण बाजूला केलं आणि ताटलीत थंड झालेलं मुथोकोई वाढलं. उभ्या उभ्या त्यातला पहिला घास स्वतः खाल्ला, नीट चावून गिळला, आणि ताटली नेऊन काकाच्या पुढ्यात ठेवली.

“खा,” तो म्हणाला. “परत लागलं तर माग.”